आयोवाच्या गव्हर्नरपदाची निवडणूक

अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागातील आयोवा राज्यात ३ नोव्हेंबर २०२६ रोजी गव्हर्नरपदासाठी मतदान व्हायचे आहे. त्याच दिवशी देशातील ३६ राज्ये आपापला गव्हर्नर निवडणार असली, तरी आयोवातील लढतीकडे विशेष लक्ष लागले आहे. विद्यमान गव्हर्नर किम रेनॉल्ड्स यांनी ११ एप्रिल २०२५ रोजी आपण पुन्हा उभ्या राहणार नसल्याचे जाहीर केले. त्यामुळे २००६ नंतर प्रथमच या पदाची निवडणूक विद्यमान गव्हर्नरविना होत आहे. गेली काही वर्षे रिपब्लिकन पक्षाचा बालेकिल्ला बनलेल्या या शेतीप्रधान राज्यात पाणी, जमीन आणि शाळा या प्रश्नांवरून सत्ताधारी पक्षाच्या मतदारांतच नाराजी आहे. एरवी एकतर्फी वाटली असती अशी ही लढत त्यामुळे खुली झाली आहे.

राज्य आणि त्याचे राजकारण

आयोवाचे क्षेत्रफळ सुमारे १ लाख ४६ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या निम्म्याहून थोडे कमी आहे. लोकसंख्या मात्र २०२०च्या जनगणनेनुसार अवघी ३१ लाख ९० हजार. राज्यातील ८० टक्क्यांहून अधिक जमीन शेतीखाली आहे. मका, डुकराचे मांस, अंडी आणि इथेनॉल या चारही गोष्टींच्या उत्पादनात आयोवा देशात पहिल्या क्रमांकावर आहे. येथे पाळल्या जाणाऱ्या डुकरांची संख्या सव्वादोन कोटींच्या पुढे जाते. दर माणशी सात डुकरे असा हिशेब पडतो. मक्याच्या पिकातला निम्म्याहून अधिक वाटा इथेनॉलच्या कारखान्यांत जातो. त्यामुळे वॉशिंग्टनमधील इंधनधोरण आणि चीनबरोबरचा व्यापार या दोन्ही गोष्टी येथे थेट शेतकऱ्याच्या घरखर्चापर्यंत पोचतात.

राज्याचे ९९ काउंट्यांत विभाजन केलेले आहे. राजधानी डे मॉइन असलेली पोक काउंटी, विद्यापीठांची जॉन्सन आणि स्टोरी, सीडर रॅपिड्सची लिन अशा मोजक्या शहरी काउंट्या डेमोक्रॅटिक पक्षाकडे झुकतात. उरलेला बहुतेक ग्रामीण भाग रिपब्लिकनांचा आहे. ही विभागणी फार जुनी नाही. बराक ओबामा यांनी २००८ आणि २०१२ अशा दोन्ही वेळा आयोवा जिंकले होते. त्यानंतर २०१६, २०२० आणि २०२४ मध्ये राज्याने डोनाल्ड ट्रम्प यांना कौल दिला; २०२४ मधील आघाडी सुमारे १३ टक्क्यांची होती. २०२० मध्ये जो बायडन यांना ९९ पैकी केवळ ६ काउंट्यांत आघाडी मिळाली.

या बदलाचे ठळक उदाहरण ईशान्येकडील हॉवर्ड काउंटीचे आहे. क्रेस्को हे तिचे मुख्य ठिकाण. भारतातील हरितक्रांतीशी ज्यांचे नाव जोडलेले आहे, ते नॉर्मन बोरलॉग याच गावातील हायस्कूलमध्ये शिकले. या काउंटीने २०१२ मध्ये ओबामांना २० टक्क्यांहून अधिक आघाडी दिली आणि चारच वर्षांनी तेवढीच आघाडी ट्रम्प यांच्या पदरात टाकली. एवढी मोठी उलटापालट झालेली ती देशातील एकमेव काउंटी होती. ओबामांना दोनदा निवडून दिल्यानंतर ट्रम्प यांच्याकडे वळलेल्या काउंट्या एकट्या आयोवात ३१ होत्या. दुसऱ्या कुठल्याही राज्यात एवढ्या नव्हत्या.

दीर्घकाळ टिकणारी खुर्ची

अध्यक्षपदाबाबत आयोवाचा मतदार पक्ष बदलत आला असला, तरी गव्हर्नरपदाबाबत तो सहसा घाई करत नाही. या पदाला कार्यकाळाची मर्यादा नाही. चार वर्षांची मुदत संपली की कितीही वेळा पुन्हा उभे राहता येते. रॉबर्ट रे यांनी जानेवारी १९६९ मध्ये पदभार घेतला तेव्हापासून आजवर या खुर्चीवर फक्त पाच व्यक्ती बसल्या आहेत. रे यांची कारकीर्द १४ वर्षांची. त्यांच्यानंतर आलेले टेरी ब्रॅनस्टॅड १९८३ ते १९९९ आणि पुन्हा २०११ ते २०१७ असे मिळून बावीस वर्षांहून अधिक काळ गव्हर्नर होते. अमेरिकेच्या इतिहासात एवढा काळ कोणीही गव्हर्नर राहिलेले नाही. मधल्या काळात टॉम विल्सॅक आणि चेट कल्व्हर या दोन डेमोक्रॅटिक गव्हर्नरांनी मिळून बारा वर्षे कारभार केला. २००६ मध्ये कल्व्हर निवडून आले, तो डेमोक्रॅटिक पक्षाचा या पदावरचा अखेरचा विजय. २०१० मध्ये ते पडले. विद्यमान गव्हर्नर हरण्याचा असा प्रसंग १९६२ नंतर पहिल्यांदाच घडला होता.

ब्रॅनस्टॅड यांच्या कारकिर्दीतील एक योगायोग नोंदण्यासारखा आहे. १९८५ मध्ये चीनच्या एका प्रांतातले कृषी शिष्टमंडळ आयोवात आले, त्यात शी जिनपिंग नावाचे एक तरुण अधिकारी होते. मस्कटीन या छोट्या गावातील एका कुटुंबाच्या घरी त्यांनी मुक्काम केला. २०१२ मध्ये ते पुन्हा मस्कटीनला आले, तेव्हा चीनचे सर्वोच्च नेतेपद त्यांच्या हाती येऊ घातले होते. दोन्ही वेळा राज्याचे गव्हर्नर ब्रॅनस्टॅड होते. २०१७ मध्ये ट्रम्प यांनी त्यांना चीनमध्ये राजदूत म्हणून पाठवले आणि रिक्त झालेल्या पदावर तेव्हाच्या उपगव्हर्नर रेनॉल्ड्स आल्या. आयोवाच्या त्या पहिल्या महिला गव्हर्नर होत. २०१८ मध्ये त्यांनी डेमोक्रॅटिक उमेदवार फ्रेड हबल यांचा जेमतेम ३ टक्क्यांनी पराभव केला. २०२२ मध्ये मात्र ही आघाडी १८ टक्क्यांच्या पुढे गेली.

गव्हर्नरचे अधिकार

भारतातील राज्यपाल केंद्राकडून नेमला जातो. अमेरिकेतील गव्हर्नर थेट लोकांकडून निवडला जातो आणि राज्याचा प्रत्यक्ष कारभार पाहतो, म्हणजे त्याचे काम मुख्यमंत्र्याचे असते. फरक एवढाच, की त्याला विधिमंडळात बहुमत असावे लागत नाही आणि अविश्वासाच्या ठरावाने त्याला पायउतार करता येत नाही. आयोवात उपगव्हर्नर गव्हर्नरसोबत जोडीनेच निवडून येतो. विधिमंडळाची दोन सभागृहे आहेत: ५० सदस्यांचे सिनेट आणि १०० सदस्यांचे प्रतिनिधीगृह.

विधिमंडळाने मंजूर केलेले विधेयक गव्हर्नर नकाराधिकार वापरून परत पाठवू शकतो. तो नकार मोडून काढण्यासाठी दोन्ही सभागृहांत दोन-तृतीयांश बहुमत लागते. खर्चाच्या विधेयकातील एखादी बाब तेवढी खोडून बाकीचे विधेयक मंजूर करण्याचाही अधिकार त्याला आहे. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयातील न्यायाधीश निवड समितीने सुचवलेल्या नावांतून गव्हर्नरच नेमतो. सध्याचे सातही न्यायाधीश रिपब्लिकन गव्हर्नरांनी नेमलेले आहेत. खातेप्रमुख आणि विविध मंडळांवरील नेमणुकाही त्याच्याच हाती असतात. २०२३ मध्ये रेनॉल्ड्स यांनी राज्य सरकारची ३७ खाती एकत्र करून १६ वर आणली, तेव्हा या अधिकारांचा आवाका आणखी वाढला.

नेमणुकीच्या अधिकारातून सत्तेचे गणित कसे हलू शकते, याचे एक उदाहरण मराठी वाचकांना जवळचे वाटेल. मूळच्या नागपूरच्या स्वाती दांडेकर २००२ मध्ये आयोवाच्या प्रतिनिधीगृहावर डेमोक्रॅटिक पक्षातर्फे निवडून आल्या आणि पुढे सिनेटमध्ये गेल्या. अमेरिकेतील एखाद्या राज्याच्या विधिमंडळात निवडून गेलेल्या, भारतात जन्मलेल्या त्या पहिल्या महिला. २०११ मध्ये सिनेटमध्ये डेमोक्रॅटिक पक्षाचे २६ आणि रिपब्लिकन पक्षाचे २४ सदस्य होते. तेव्हा रिपब्लिकन गव्हर्नर ब्रॅनस्टॅड यांनी दांडेकर यांची वीज, वायू आदी सेवांवर नियंत्रण ठेवणाऱ्या राज्याच्या युटिलिटीज बोर्डावर नेमणूक केली. त्यांनी सिनेटचा राजीनामा दिला आणि डेमोक्रॅटांचे निसटते बहुमत एका पोटनिवडणुकीवर येऊन ठेपले. ती जागा डेमोक्रॅटिक पक्षाने राखली म्हणून बहुमत टिकले.

गव्हर्नरने केलेल्या महत्त्वाच्या नेमणुकांना सिनेटमध्ये दोन-तृतीयांश, म्हणजे ५० पैकी ३४ मतांची संमती लागते. रिपब्लिकनांकडे एवढी मते होती. ऑगस्ट २०२५ मध्ये सू सिटी भागातील पोटनिवडणुकीत डेमोक्रॅटिक उमेदवार विजयी झाल्या आणि ही संख्या मोडली. तेव्हापासून अशा नेमणुकांसाठी विरोधकांचे निदान एक तरी मत मिळवावे लागते.

उमेदवारी कशी ठरते

अध्यक्षपदाच्या निवडणुकीत आयोवातील पक्षसभा, म्हणजे कॉकस, जगभर गाजतात. गव्हर्नरपदाचा उमेदवार मात्र मतपेटीतून होणाऱ्या प्राथमिक निवडणुकीत ठरतो. या वेळी त्यासाठी २ जून २०२६ हा दिवस नेमलेला आहे. प्राथमिक निवडणुकीत ज्या त्या पक्षाकडे नोंदलेल्या मतदारांनाच मत देता येते. पण पक्षनोंदणी त्याच दिवशी मतदानकेंद्रावर बदलण्याची मुभा आहे.

आयोवाच्या कायद्यात आणखी एक अट आहे. प्राथमिक निवडणुकीत कोणालाही किमान ३५ टक्के मते मिळाली नाहीत, तर उमेदवाराचा निर्णय पक्षाच्या अधिवेशनातील प्रतिनिधी घेतात. मग मतदारांनी दिलेला क्रम त्यांच्यावर बंधनकारक नसतो. २०१४ मध्ये काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकेच्या संसदेच्या, एका जागेसाठी सहा रिपब्लिकन इच्छुक होते आणि कोणीच ३५ टक्के गाठू शकले नाही. अधिवेशनात एकामागून एक फेऱ्या झाल्या आणि अखेर मतदारांकडून पाचव्या क्रमांकावर आलेले डेव्हिड यंग उमेदवार ठरले. नोव्हेंबरची निवडणूकही त्यांनी जिंकली. इच्छुकांची गर्दी असली की हा नियम सर्वांच्याच डोक्यात असतो.

रिंगणातील नावे

रिपब्लिकन पक्षात पहिल्यापासून आघाडीवर मानले गेलेले नाव रँडी फीन्स्ट्रा यांचे आहे. वायव्य आयोवातील हल या गावचे फीन्स्ट्रा आधी राज्य सिनेटचे सदस्य होते. २०२० मध्ये त्यांनी आपल्याच पक्षाचे वादग्रस्त खासदार स्टीव्ह किंग यांना प्राथमिक निवडणुकीत हरवले आणि पुढच्या जानेवारीत ते काँग्रेसमध्ये गेले. २०२५ मध्ये त्यांच्याखेरीज राज्याच्या प्रतिनिधीगृहाचे सदस्य एडी अँड्र्यूज, माजी सदस्य ब्रॅड शर्मन, राज्याच्या प्रशासकीय सेवा खात्याचे माजी संचालक ॲडम स्टीन आणि उद्योजक झॅक लान यांनीही आपली उमेदवारी जाहीर केली. फीन्स्ट्रा यांना पक्षसंघटनेतल्या प्रस्थापितांचा आधार आहे. इतरांचा भर प्रस्थापितांवर रुष्ट असलेल्या कार्यकर्त्यांवर आहे.

डेमोक्रॅटिक पक्षाकडून राज्याचे लेखापरीक्षक रॉब सँड यांनी मे २०२५ मध्ये उमेदवारी जाहीर केली. ईशान्येकडील डेकोरा हे त्यांचे गाव. सहायक ॲटर्नी जनरल असताना त्यांनी एक गाजलेला लॉटरी घोटाळा न्यायालयात तडीस नेला. लॉटरी चालवणाऱ्या संस्थेच्या संगणकसुरक्षा प्रमुखानेच आकडे काढणाऱ्या यंत्रणेत फेरफार करून अनेक राज्यांतील बक्षिसे लाटली होती. सँड २०१८ मध्ये लेखापरीक्षक म्हणून निवडून आले. २०२२च्या रिपब्लिकन लाटेत त्यांच्या पक्षाचे ॲटर्नी जनरल आणि चाळीस वर्षे पदावर असलेले राज्याचे कोषाध्यक्ष दोघेही हरले. सँड तीन हजारांहून कमी मतांनी तरले आणि राज्यभरातून निवडून आलेले एकमेव डेमोक्रॅटिक पदाधिकारी उरले. पुढच्याच वर्षी लेखापरीक्षकाच्या कागदपत्रे पाहण्याच्या अधिकाराला कात्री लावणारा कायदा झाला. प्रचारात सँड पक्षापेक्षा पैशाच्या हिशेबाबद्दल अधिक बोलतात, त्यामागे हा अनुभव आहे.

कळीचे प्रश्न

पहिला प्रश्न पाण्याचा. आयोवातील सपाट, पाणथळ जमीन शेतीयोग्य करण्यासाठी शेतांखाली निचऱ्याच्या नळ्यांचे जाळे घातलेले आहे. पावसाचे पाणी या नळ्यांतून झपाट्याने ओढ्या-नद्यांत जाते आणि खतांतले व डुकरांच्या शेणखतातले नायट्रेट सोबत नेते. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १० मिलिग्रॅमपर्यंतच नायट्रेट चालते, अशी केंद्र सरकारची मर्यादा आहे. डे मॉइन शहराने नायट्रेट काढून टाकण्याचा मोठा प्रकल्प १९९०च्या दशकाच्या सुरुवातीलाच उभारला. तरीही जून २०२५ मध्ये डे मॉइन आणि रॅकून या नद्यांतील नायट्रेट एवढे वाढले, की शुद्धीकरण यंत्रणेवरचा ताण कमी करण्यासाठी राजधानी परिसरातील सुमारे ६ लाख लोकांना अंगणातल्या हिरवळीला पाणी घालण्यास बंदी करावी लागली. शेतीतून होणारे हे प्रदूषण कमी करण्याचे राज्याचे २०१३ पासूनचे धोरण ऐच्छिक आहे; शेतकऱ्यावर सक्ती नाही. ती असावी की नसावी, हा वाद शहर विरुद्ध शेत असाच चालत आला होता. मात्र आयोवा कॅन्सर रजिस्ट्रीच्या २०२४ आणि २०२५च्या अहवालांत कर्करोगाच्या नव्या रुग्णांच्या प्रमाणात राज्य देशात दुसरे आल्याचे दिसले आणि हा विषय खेड्यांतही निघू लागला. कारणांबद्दल तज्ज्ञांत एकमत नाही. तंबाखू, दारू, घरांत साचणारा रेडॉन वायू आणि शेतीतली रसायने अशा अनेक गोष्टींकडे बोट दाखवले जाते.

दुसरा प्रश्न जमिनीचा. समिट कार्बन सोल्युशन्स या कंपनीची इथेनॉल कारखान्यांतून निघणारा कार्बन डायऑक्साइड नळाने नॉर्थ डकोटात नेऊन जमिनीखाली साठवण्याची योजना आहे. दांडेकर ज्या बोर्डावर होत्या, त्याच युटिलिटीज बोर्डाने जून २०२४ मध्ये आयोवातून जाणाऱ्या सुमारे १,१०० किलोमीटर लांबीच्या वाहिनीला मंजुरी दिली. जे शेतकरी जमीन देणार नाहीत, त्यांच्या जमिनीतून सक्तीने हक्क घेण्याची मुभाही त्यात होती. मक्याला गिऱ्हाईक हवे म्हणून वाहिनी हवी, असे इथेनॉल उद्योग म्हणतो. खासगी कंपनीच्या नफ्यासाठी बापजाद्यांची जमीन का द्यायची, असा सवाल जमीनमालक करतात. हे जमीनमालक बहुतांशी रिपब्लिकन मतदार आहेत. २०२५ मध्ये या सक्तीला चाप लावणारे विधेयक रिपब्लिकन बहुमताच्याच विधिमंडळाने संमत केले. त्यावर चर्चा होईपर्यंत अर्थसंकल्पाला मत देणार नाही, असे सांगून १२ रिपब्लिकन सिनेटर अडून बसले होते. रेनॉल्ड्स यांनी जूनमध्ये विधेयकावर नकाराधिकार वापरला. पक्षातली ही जखम प्राथमिक निवडणुकीच्या प्रचारातही भळभळत राहिली.

तिसरा प्रश्न शाळा आणि कर यांचा. २०२३च्या कायद्याने खासगी शाळेत जाणाऱ्या मुलासाठी राज्याकडून पैसे मिळू लागले. २०२५-२६ पासून उत्पन्नाची अट गेली असून दर मुलामागे रक्कम वर्षाला सुमारे ८,००० डॉलर आहे. समर्थकांना त्यात पालकांचे स्वातंत्र्य दिसते. पण अनेक ग्रामीण काउंट्यांत खासगी शाळाच नाही, तेव्हा तिथल्या करदात्याला पैसा शहराकडे जातो असे वाटते. त्याच काळात राज्याचा प्राप्तिकर टप्प्याटप्प्याने उतरवून २०२५ पासून सर्वांना सरसकट ३.८ टक्के करण्यात आला. महसूल खर्चाला पुरेनासा झाला आणि तूट भरून काढण्यासाठी शिलकीला हात घालावा लागला. नव्या गव्हर्नरपुढे हा हिशेब पहिल्या दिवसापासून असेल. याशिवाय जुलै २०२४ पासून सुमारे सहा आठवड्यांनंतरच्या गर्भपातावर असलेली बंदी, ग्रामीण रुग्णालयांतील बंद पडलेले प्रसूतिविभाग आणि २०२५ मध्ये चीनने काही महिने जवळजवळ थांबवलेली अमेरिकी सोयाबीनची खरेदी हे विषयही मतदारांपुढे आहेत.

प्रचाराची रीत

आयोवात उमेदवाराने सर्व ९९ काउंट्यांत प्रत्यक्ष जावे, अशी अपेक्षा असते. अमेरिकेच्या सिनेटमधील आयोवाचे ज्येष्ठ सदस्य चक ग्रासली दरवर्षी हा फेरा पूर्ण करतात, म्हणून त्याला त्यांचेच नाव पडले आहे. सभा भरतात त्या गावातल्या ग्रंथालयात, कॅफेत किंवा धान्यकोठाराच्या आवारात, आणि वीस-पंचवीस माणसे जमली तरी ती नगण्य मानली जात नाहीत. ऑगस्टमध्ये डे मॉइनला भरणारी राज्याची जत्रा हा प्रचाराचा मोठा मुक्काम. तिथे लोण्याची आख्खी गाय घडवून थंड काचेच्या खोलीत ठेवतात. नेते काडीला टोचलेले डुकराचे मांस खातात, भाजण्याच्या शेगडीपाशी उभे राहून फोटो काढून घेतात आणि गवताच्या गासड्यांजवळच्या व्यासपीठावरून भाषण करून श्रोत्यांचे टोमणेही ऐकतात. एका दूरचित्रवाणी वाहिनीच्या मंडपात जत्रेकरू पसंतीच्या उमेदवाराच्या बरणीत मक्याचा दाणा टाकून कौल देतात. पैशाच्या बाबतीत नियम सैल आहेत: कंपन्यांना उमेदवारांना थेट देणगी देता येत नाही, पण व्यक्तीने किती द्यावे याला कमाल मर्यादा नाही.

मतांचे गणित

नोंदणीकृत मतदारांत रिपब्लिकनांची संख्या डेमोक्रॅटांपेक्षा सुमारे दोन लाखांनी जास्त आहे. कोणत्याच पक्षाकडे न नोंदलेल्यांचा गटही मोठा आहे. डेमोक्रॅटिक उमेदवाराला शहरी काउंट्या मोठ्या फरकाने जिंकून भागत नाही. २०१८ मध्ये हबल यांनी तेच केले आणि सुमारे ३६ हजार मतांनी ते मागे राहिले. ग्रामीण काउंट्यांत हरतानाही फरक कमी राखावा लागतो: जिथे ३० टक्के मते मिळत होती तिथे ३८-४० मिळवावी लागतात. सँड खेडोपाडी फिरतात आणि पक्षाचे नाव कमी घेतात, त्याचे कारण हेच. रिपब्लिकन उमेदवाराचे काम कागदावर सोपे आहे. कार्बनच्या वाहिनीवरून दुखावलेले जमीनमालक घरी बसू नयेत आणि प्राथमिक निवडणुकीतली कटुता नोव्हेंबरपर्यंत टिकू नये, एवढे त्याला साधायचे आहे.

मतदानाच्या दिवशी केंद्रे सकाळी ७ ते रात्री ८ या वेळेत उघडी असतात; त्याआधी २० दिवस आगाऊ मतदान करता येते. ओळखपत्र दाखवावे लागते, आणि नाव नोंदलेले नसेल तर त्याच दिवशी केंद्रावर नोंदवता येते. इतर पदांची अधिकृत मोजणी राज्याचे मंडळ पाहते. गव्हर्नर आणि उपगव्हर्नर यांच्या मतांची अंतिम मोजणी मात्र राज्यघटनेनुसार दोन्ही सभागृहांच्या संयुक्त बैठकीत होते, आणि मते समसमान पडली तर निवड विधिमंडळ करते. निकाल काहीही लागला, तरी जानेवारी २०२७ मध्ये आयोवाला दहा वर्षांनी नवा गव्हर्नर मिळेल. १९६९ नंतर त्या पदावर येणारी ती सहावी व्यक्ती असेल.